साडेसहा वर्षं झाली, पण हप्ते किती झाले?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. २००९ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीत आले, २०१६ मध्ये ग्रीन कार्ड हाती आलं आणि मग इथल्या सरकारी विद्यापीठातून सोशल वर्कमध्ये मास्टर्स केलं, २०१७ ते २०१९. त्यासाठी ५८ हजार डॉलरचं सरकारी स्टुडंट लोन काढलं. आज ते व्याजासकट ६२ हजार आहे. पास झाल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये एका ना-नफा हॉस्पिटलमध्ये लागले. मे २०२१ अखेर ती नोकरी सोडून एका खासगी क्लिनिकमध्ये गेले, तिथेही गरिबांचीच कामं करत होते, पण मानवलं नाही, आणि १ ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्या ना-नफा हॉस्पिटलमध्ये आहे. पगार ६४ हजार. नवरा आयटीत आहे, त्याचा १ लाख ३५ हजार. मुलगी सात वर्षांची.

माझी एक सहकारी म्हणते, लोकसेवेच्या नोकरीत दहा वर्षं झाली की उरलेलं कर्ज सरकार माफ करतं. म्हणजे माझी साडेसहा झाली, साडेतीन राहिली. नवऱ्याला हे मुळीच पटत नाही. त्याचं म्हणणं, ‘शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांचे अर्ज फेटाळतात, मी वाचलंय. सरकार बदललं की योजनाही बुडेल. आणि आमच्या घरात आजवर कुणी कर्ज बुडवलेलं नाही.’ घरासाठी साठवलेल्या पैशांतून सगळं एकदम फेडून टाकू, नाहीतर खासगी बँकेकडून कमी व्याजानं रिफायनान्स करू, म्हणजे नवं कर्ज काढून हे फेडू, असं तो म्हणतो. त्यातच मला एका खासगी डायलिसिस कंपनीकडून ९ हजार जास्त पगाराची ऑफर आली आहे.

मी सेव्ह प्लॅनमध्ये आहे, म्हणजे उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या सरकारी योजनेत. २०२४ च्या जुलैपर्यंत हप्ते भरले, त्यानंतर मला बिलच आलेलं नाही. माफीचा एकही फॉर्म मी आजवर भरलेला नाही. आणि पुण्याचा भाचा एमएस करायला येतोय, ४५ लाखांचं कर्ज काढून. त्याने नंतर इथे सरकारी विद्यापीठात नोकरी धरली तर त्याचंही माफ होईल का?

एडिसनहून, एक गोंधळलेली वाचक

उत्तर

नमस्कार.

पत्र वाचून आधी कागद-पेन्सिल घेतली, कारण तुमचा खरा प्रश्न बेरजेचा आहे. इथल्या एका कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात मी बरीच वर्षं काढली. या योजनेत बुडालेली माणसं पाहिली आणि तरलेलीही पाहिली. बुडालेल्यांपैकी बहुतेकांनी वर्षं मोजली होती. तरलेल्यांनी महिने मोजले होते.

योजनेचं पूर्ण नाव पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस. सगळे पीएसएलएफ म्हणतात, आपणही तेच म्हणू. कायद्यात ‘दहा वर्षं’ असं नाहीच, ‘१२० हप्ते’ असं आहे. आणि प्रत्येक हप्त्याच्या महिन्यात चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: कर्ज संघराज्य सरकारचं ‘डायरेक्ट’ प्रकारातलं हवं, नोकरी पात्र संस्थेत हवी, आठवड्याला सरासरी तीस तास तरी काम हवं आणि हप्ता पात्र योजनेतला, म्हणजे ढोबळमानाने उत्पन्नावर ठरणारा हवा. एक जरी निसटली तरी तो महिना गेला. हप्ते सलग असण्याची अट मात्र नाही, आणि तुमच्यासाठी ही मोठी सोय आहे.

आता तुमचे महिने मोजू. मे २०१९ मध्ये पास झालात, पुढचे सहा महिने सवलतीचे, पहिला हप्ता डिसेंबर २०१९ चा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून तीन झाले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सरकारने हप्ते थांबवले ते सप्टेंबर २०२३ पर्यंत. हे ४३ महिने एक पैसा न भरताही पीएसएलएफसाठी भरल्यासारखे धरले जातात, फक्त त्या काळात नोकरी पात्र हवी. तुमचे जून २०२१ ते जुलै २०२२ हे चौदा महिने खासगी क्लिनिकमध्ये गेले. ते वजा केले की राहिले २९. मग ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२४ तुम्ही रीतसर हप्ते भरलेत, ते दहा.

तीन, एकोणतीस आणि दहा. बेचाळीस.

साडेसहा वर्षं म्हणजे ७८ महिने, असं तुम्ही धरून चालला होतात. हाती आहेत ४२, आणि गंमत अशी की उरलेत बरोबर ७८. आकडा वाचून धस्स झालं असेल तर जरा पाणी प्या, कारण यातले काही महिने परत मिळवण्याची वाट आहे. त्याआधी ते गेले कुठे ते पाहू.

खासगी क्लिनिकचे चौदा महिने कायमचे गेले. पत्रात तुम्ही लिहिलंय की तिथेही तुम्ही गरिबांचीच कामं करत होतात. असेल, पण ही योजना काम बघत नाही, पगार देणारा बघते. ना-नफा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भांडी धुणारा पात्र ठरतो आणि नफ्यावर चालणाऱ्या क्लिनिकमधला जीव तोडून काम करणारा सोशल वर्कर ठरत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे हे असं आहे. सरकार म्हणजे संघराज्य, राज्य, काउंटी, गावची शाळा, लष्कर आणि आदिवासी राष्ट्रांची सरकारं. ना-नफा म्हणजे मुख्यतः करखात्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेल्या संस्था. देवळाच्या नोंदणीकृत ट्रस्टमध्ये पूर्णवेळ पगारी हिशेबनीस असलेला माणूसही यात बसू शकतो. मंडळाच्या गणपतीत आपण राबतो ते तास मात्र कुणी धरत नाही.

इथेच एक खाचखळगा. हॉस्पिटल ना-नफा आहे म्हणून तुमचा पगारही त्याच संस्थेतून येतो असं समजू नका. माझ्याकडे एक फिजिओथेरपिस्ट आली होती. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, अंगावर हॉस्पिटलचा कोट, पण पगार देणारी एक खासगी स्टाफिंग कंपनी. पाच वर्षं पाण्यात. म्हणून दर जानेवारीत मिळणारा डब्ल्यू-टू, म्हणजे पगाराचा वार्षिक कर-कागद काढा, त्यावर ‘बी’ चौकटीत मालकाचा ईआयएन, म्हणजे करखात्याने दिलेला क्रमांक असतो. तो क्रमांक सरकारच्या स्टुडंट एड संकेतस्थळावरच्या पीएसएलएफ शोधयंत्रात टाका. संस्था पात्र आहे की नाही ते तिथेच कळतं. दोन्ही हॉस्पिटलांचे क्रमांक वेगवेगळे तपासा.

दुसरी गळती सेव्हची. ही योजना न्यायालयात अडकली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सरकारने त्यातल्या सगळ्यांचे हप्ते थांबवून त्यांना सक्तीच्या सवलतीत टाकलं. बिल येत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त होतात, चूक म्हणत नाही, लाखो लोक तसेच होते. पण हे महिने १२० मध्ये धरत नाहीत. ऑगस्ट २०२४ ते डिसेंबर २०२५, झाले सतरा. शिवाय १ ऑगस्ट २०२५ पासून त्यावर व्याजही पुन्हा सुरू झालंय. म्हणजे हल्ली तुमचा महिना पुढे सरकत नाही, फक्त कर्ज वाढतं. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने सेव्ह गुंडाळायची हे ठरवलंच आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने दावा लावणाऱ्या मिसूरी राज्याशी तडजोडीचा मसुदा जाहीर करून ते आणखी लवकर संपवायची तयारी दाखवलीय. त्या योजनेत बसून वाट पाहण्यात काहीही अर्थ उरलेला नाही.

हे सतरा महिने परत मिळवायच्या वाटेला ‘बायबॅक’ म्हणतात. त्या काळात नोकरी पात्र होती, फक्त हप्ता गेला नव्हता, अशा महिन्यांचे पैसे नंतर भरून ते महिने आपल्या खात्यात जमा करता येतात. अट अशी की हे महिने धरून तुमचे १२० पुरे होत असतील तेव्हाच अर्ज करायचा. म्हणजे तुम्हाला आणखी ६१ हप्ते भरल्यावर. रक्कम त्या त्या काळातल्या उत्पन्नावर ठरते, आणि तुम्ही तेव्हा नवऱ्याबरोबर एकत्र टॅक्स रिटर्न भरला असेल तर दोघांचं उत्पन्न धरलं जाईल हे लक्षात ठेवा. बायबॅकचे हजारो अर्ज आज तुंबून पडलेत, तेव्हा त्यावर संसाराचं गणित उभारू नका. मिळालं तर दीड वर्ष वाचलं, एवढंच धरा.

आता तुमच्या यजमानांचं नव्व्याण्णव टक्क्यांचं. त्यांनी वाचलं ते खोटं नव्हतं, शिळं होतं. योजना २००७ च्या कायद्याने आली, १२० महिने भरायचे म्हणून पहिले अर्ज ऑक्टोबर २०१७ नंतरच येणार होते. २०१८ च्या जूनअखेरीस साधारण २८ हजार अर्जदारांमधून मंजूर झाले होते फक्त ९६. टक्के नव्हेत, माणसं. वर्तमानपत्रांनी रान उठवलं, आणि योग्यच केलं. पण फेटाळले का गेले ते बघा. कुणाचं कर्ज जुन्या एफएफईएल प्रकारातलं, म्हणजे सरकारी हमीचं पण बँकेने दिलेलं. कुणी चुकीच्या हप्ता-योजनेत सात-आठ वर्षं काढलेली. कुणाचे १२० पुरेच झाले नव्हते. कर्ज सांभाळणाऱ्या कंपन्यांनी फोनवर ‘तुम्ही बरोबर चाललाय’ असं सांगितलेलं, तेही वर्षानुवर्षं. लोकांना राग आला तो याचा.

मग ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ सरकारने एक वर्षाची खास सूट दिली, चुकीच्या प्रकारचे जुने हप्तेही धरले, हिशेब नव्याने केले. ऑक्टोबर २०२४ पर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांचं मिळून सुमारे ७४ अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं होतं. शिक्षक, नर्सा, अग्निशमन दलाचे लोक, तुमच्यासारखे सोशल वर्कर. तेव्हा ‘कुणालाच मिळत नाही’ हे वाक्य आता घरात पुन्हा निघालं तर हा आकडा समोर ठेवा.

‘आमच्या घरात कर्ज कुणी बुडवलं नाही’ या वाक्यावर मात्र मी थोडी थांबले. कारण ते पैशाचं बोलणं नाही, अब्रूचं आहे. आपल्याकडे ‘कर्जमाफी’ हा शब्द शेतकऱ्यांच्या बातम्यांमधून कानावर पडतो. २०१७ ची, मग २०१९ ची, सरकारने जाहीर केलेली. कर्ज आधी, माफी नंतर, आणि ती मिळेल की नाही हे मुंबईत ठरणार. त्या शब्दाला दयेचा वास आहे आणि स्वाभिमानी माणसाला तो सोसत नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. तुम्ही २०१७ मध्ये ज्या वचनचिठ्ठीवर सही केलीत, तिच्या छापील अटींमध्येच लोकसेवेनंतरच्या या माफीचा उल्लेख आहे. सरकारने तुम्हाला कर्ज देतानाच सांगितलं होतं की आमच्या पसंतीच्या ठिकाणी कमी पगारावर दहा वर्षं काम केलंस तर उरलेलं सोडून देऊ. तुम्ही ते काम करताय. खासगी कंपनी तुम्हाला ९ हजार जास्त देतेय, म्हणजे त्या सेवेची किंमत तुम्ही दर वर्षी मोजताच आहात. यजमानांनी नोकरीत टिकल्यावर मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरसाठी चार वर्षं थांबायचं ठरवलं तर त्याला ते बुडवणं म्हणतील का? तसंच हे आहे.

त्यांची दुसरी भीती, सरकार बदललं की योजना बुडेल, ही अधिक गंभीर आहे. पीएसएलएफ कायद्यात आहे, ती मोडायला काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, कायदा व्हावा लागेल, आणि जुलै २०२५ मध्ये एवढा मोठा कायदा झाला तरी तिला हात लागला नाही. बदल झाला तो ‘पात्र मालक’ कोण यात. ३१ ऑक्टोबर २०२५ ला शिक्षण खात्याने नियम काढला: ज्या संस्थेचा ‘ठळक बेकायदा हेतू’ असल्याचं खात्याला वाटेल तिला १ जुलै २०२६ पासून अपात्र ठरवता येईल. बेकायदा स्थलांतराला मदत, अल्पवयीनांवरचे लिंगबदलाचे काही उपचार असे विषय त्यात आहेत, म्हणजे हॉस्पिटलांनाही झळ लागू शकते. नियमाविरुद्ध अनेक राज्यं आणि संस्था कोर्टात गेल्या आहेत. तुमचं हॉस्पिटल यात सापडेल असं मला वाटत नाही. सापडलं तरी अपात्र ठरण्याआधीचे महिने कुणी काढून घेत नाही, पुढचे दुसरीकडे पुरे करता येतात. पण त्यासाठी आधीचे महिने कागदावर नोंदलेले हवेत, आणि तुम्ही आजवर एकही फॉर्म भरलेला नाही! पत्रातलं ते वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला.

रिफायनान्सचं दोन ओळींत संपवते. खासगी बँकेने तुमचं सरकारी कर्ज फेडून नवं दिलं की ते सरकारी उरत नाही. ४२ महिने शून्य, पुढचा मार्ग बंद, आणि परत फिरणं नाही. व्याज एक-दीड टक्का कमी मिळेल म्हणून हे करू नका. तसंच ‘कन्सॉलिडेशन’चंही. तुमची कर्जं आधीच डायरेक्ट आहेत, ती एकत्र करायची गरज नाही. १ जुलै २०२६ नंतर केलंत तर ते नवं कर्ज धरलं जाईल आणि जुन्या हप्ता-योजनांची दारं बंद होतील.

मग हप्ता किती? सेव्हमधून बाहेर पडून आयबीआरमध्ये जा, म्हणजे उत्पन्नावर ठरणारी जुनी योजना. तुमचं पहिलं कर्ज २०१७ चं, म्हणून तुम्हाला दर दहा टक्के लागतो (जुलै २०१४ च्या आधीच्या कर्जदारांना पंधरा). दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम उत्पन्नातून वजा करायची, उरलेल्याचा दहावा हिस्सा वर्षाचा हप्ता. २०२५ च्या आकड्यांनुसार तीन माणसांसाठी ही दीडपट होते ३९,९७५. तुमचं दोघांचं मिळून १ लाख ९९ हजार. गणिताने हप्ता महिना तेराशेच्या वर जातो, पण आयबीआरमध्ये एक छत आहे: दहा वर्षांत फेडायच्या साध्या हप्त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या ६२ हजारांवर, साडेसहा टक्के व्याज धरून, ते येतं सातशेच्या आसपास. सातशे डॉलर ७८ महिने भरलेत तर तुम्ही ५५ हजार भराल आणि माफ होतील साधारण २६ हजार. वाईट नाही, पण थोरही नाही.

आता टॅक्स रिटर्न नवरा-बायकोने वेगवेगळे भरले तर? तेव्हा फक्त तुमचे ६४ हजार धरले जातात. कुटुंब म्हणून तुम्ही आणि लेक असं दोघींना धरलं तर वजावट ३१,७२५, आणि हप्ता येतो महिना २७० च्या आत. फरक बघा: सातशे कुठे, दोनशे सत्तर कुठे. पण वेगळं भरण्याची किंमत आहे. मुलीच्या पाळणाघराच्या खर्चावरची करसवलत जाते, रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यात थेट पैसे टाकणं जवळपास बंद होतं, कराचे टप्पे थोडे आकसतात. तुमच्या आकड्यांवर मला हा तोटा वर्षाला हजार-दीड हजारांच्या घरात दिसतो, पण हे तुमच्या करसल्लागाराने दोन्ही रिटर्न प्रत्यक्ष मांडून सांगावं. आणि घाई करा. एकत्र भरलेला रिटर्न १५ एप्रिलनंतर वेगळा करता येत नाही, वेगळा भरलेला नंतर एकत्र करता येतो. आयबीआरचा हप्ता शेवटच्या रिटर्नवर ठरतो, म्हणून या वर्षीचा रिटर्न कसा भरता यावर पुढचं पूर्ण वर्ष अवलंबून आहे.

हॉस्पिटलच्या ४०३(बी) निवृत्ती योजनेत करपूर्व पैसे टाकत नसाल तर सुरू करा. वर्षाला सहा हजार टाकलेत की हप्ता महिना पन्नासने उतरतो आणि सहा हजार तुमचेच राहतात. हे मी प्रत्येकाला सांगते आणि दहातले दोनच ऐकतात.

जुलै २०२६ पासून ‘रॅप’ नावाची नवी योजना येतेय. तिचेही हप्ते पीएसएलएफला चालतील. तिच्यात दारिद्र्यरेषेची वजावट नाही, सरळ उत्पन्नाच्या एक ते दहा टक्के, आणि प्रत्येक अवलंबित मुलामागे महिना पन्नास डॉलर कमी. तुमच्या एकटीच्या ६४ हजारांवर सहा टक्के म्हणजे ३२०, त्यातून लेकीचे पन्नास गेले की २७०. योगायोगाने आयबीआरएवढाच. पण रॅपला वरचं छत नाही, एकत्र रिटर्न भरलात तर महिना सोळाशे लागतील. तुम्हाला आयबीआर सोडायचं कारण मला आज दिसत नाही. अर्ज मात्र लगेच करा, कारण या अर्जांचीही लाखोंची रांग लागलेली आहे.

आता डायलिसिस कंपनी. इथे लोक एक चूक करतात, ‘६७ हजार माफ होणार’ असा आकडा धरून नोकरीला चिकटतात (२७० चा हप्ता व्याजालाही पुरत नाही, म्हणून बासष्टचे सदुसष्ट). खरी तुलना वेगळी आहे. आज फेडायचं झालं तर ६२ हजार जातात. थांबलात तर ७८ महिन्यांत २१ हजार, पगार वाढेल तसा हप्ता चढेल, वेगळ्या रिटर्नचा भुर्दंड, सगळं धरून म्हणा तीस हजार. वाचले ३२ हजार, म्हणजे वर्षाला पाच हजारांच्या आसपास. वर तुमची साठवलेली रक्कम तुमच्याच खात्यात राहून व्याज कमावते, तिचे वर्षाला दोन हजार धरा. तिकडे ९ हजारांची वाढ संघराज्याचा आणि राज्याचा कर आणि सोशल सिक्युरिटी कापून हातात येते पावणेसहा-सहा हजार. पारडं हॉस्पिटलकडे झुकतं, पण हजारभर डॉलरनेच. एवढ्या फरकासाठी सात वर्षं नको असलेल्या ठिकाणी काढावीत असं मी कुणालाच सांगणार नाही. पण तुम्ही पत्रात ‘खासगी क्लिनिक मानवलं नाही’ असं लिहिलंय, आणि डायलिसिसच्या कामाविषयी पगार सोडून एक शब्दही नाही. त्यावरून मला वाटतं, जाऊ नका. गेलातच तर ४२ महिने पुसले जात नाहीत, पुन्हा पात्र नोकरीत आलात की त्रेचाळिसावा सुरू होतो.

एकरकमी फेडण्यात फक्त एकच सुख आहे, झोपेचं. ते खरं असतं, मी त्याला हसत नाही. पण घरासाठी साठवलेले पैसे त्यात घालायच्या आधी यजमानांना या दोन बेरजा शेजारी शेजारी दाखवा. आणि जोवर या वाटेवर आहात तोवर जास्तीचा एक डॉलरही भरू नका. या योजनेत लवकर फेडलेला पैसा म्हणजे शेवटी माफ होणारा पैसा स्वतःहून देऊन टाकणं. शेवटी मिळणाऱ्या माफीवर संघराज्याचा आयकरही नाही.

भाच्याला सांगा, नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला संघराज्याचं कर्ज मिळतच नाही, ते नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या इतरांसाठी आहे. भारतातल्या बँकेचं किंवा इथल्या खासगी कंपनीचं कर्ज त्याने उद्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात नोकरी धरली तरी माफ होणार नाही. भारतातल्या बँकेचं कर्ज त्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी स्वतःच्या नावावर काढून फेडलं आणि ते भारतात कर भरत असतील, तर जुन्या करप्रणालीत व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, तेवढाच दिलासा. ४५ लाखांच्या गणितात ‘पुढे माफ होईल’ ही ओळ त्याने आजच खोडावी. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर शुल्क घेऊन ‘माफी करून देतो’ म्हणालं तर ते तुम्हालाही लागू: पीएसएलएफचा अर्ज फुकट आहे, पैसे मागणारा फसवतोय.

तुम्ही या आठवड्यात एक काम करा. शोधयंत्रातून दोन फॉर्म काढा, एक आताच्या हॉस्पिटलचा, एक २०१९ ते २०२१ च्या जुन्या हॉस्पिटलचा. तुम्ही सही केलीत की फॉर्म ईमेलने त्यांच्या एचआरकडे जातो आणि तेही तिथेच सही करतात. आताचे देतील. जुन्या ठिकाणी त्रास होईल, तुम्हाला ओळखणारं कुणी राहिलं नसेल, ईमेल कचऱ्यात जाईल. फोन करून ज्या माणसाला सही करायचा अधिकार आहे त्याचं नाव आणि ईमेल विचारून घ्या, मगच पाठवा. तिथे तुमचे पंधरा महिने अडकलेत: डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० चे तीन आणि मार्च २०२० ते मे २०२१ चे… थांबा, ते पंधरा, म्हणजे सगळे मिळून अठरा. बघा, मी इतकी वर्षं हेच करतेय आणि तरी बोटं मोजावी लागतात.